उजव्या कडेचं बटण

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी केलेलं पान दादांनी पाहिलं आणि त्यातली अर्धी चित्रं काढून टाकली. मला राग आला होता. चित्रकलेची पदविका घेऊन आलेली मी, माझ्या मते ते पान सुंदर होतं. दादांनी एवढंच विचारलं, की हे पान उघडणारा माणूस कोणत्या कामासाठी आला आहे. मी चित्रांबद्दलच बोलत राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत मला शिकवलं.

हिंगणा रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी. तिथल्या वेब डिझाइन टीममध्ये आम्ही पाच जण होतो. दादा सगळ्यांत जुने. मूळचे मौद्याचे, इथे ऑफिसजवळ खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. आम्ही वेबसाइटची पानं दिसायला कशी असावीत ते ठरवायचो, आणि पलीकडच्या रांगेतली प्रोग्रामर मंडळी ती प्रत्यक्षात उतरवायची. आमच्याकडून गेलेलं पान दादांनी पाहिलेलं असलं, की तिकडे कोणी दुसऱ्यांदा तपासायचं नाही.

तीन वर्षांनी कधीतरी माझ्या लक्षात यायला लागलं, की दादा स्क्रीनकडे बघताना डोळे नाही, पूर्ण मान फिरवतात. रोजच्या वाटेतल्या खुर्चीला त्यांचा गुडघा लागायचा. मग त्यांनी मोटरसायकल विकली, कंबर दुखते म्हणाले. एकदा जेवायच्या सुट्टीत जिना उतरताना शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही आणि ते हातांवर पडले. मी त्यांना खालच्या पोह्याच्या ठेल्यावर बसवलं. तळहात खरचटले होते. तिथे त्यांनी मला सांगितलं.

"काचबिंदू हाय मले. डाव्या डोळ्यानं तं आता नावालेच दिसते. उजव्यानं समोरचं दिसते, बाजूचं नाही दिसून राहिलं."

डॉक्टरांकडे जायला उशीर झाला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, आहे ती टिकवायला थेंब घालायचे, एवढाच उपाय. ऑफिसात सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "डिझायनरले दिसत नाही म्हटल्यावर ठेवतीन काय वं?"

त्या दिवसापासून आमचं ठरलं. त्यांची पानं प्रोग्रामरकडे जाण्याआधी मी उघडायची आणि दोन्ही कडा तपासायच्या. मधल्या भागात त्यांची चूक कधी सापडली नाही. कडांवर सापडायची, कुठे जुनाच मजकूर राहिलेला, कुठे खूण सरकलेली. मी ते गुपचूप दुरुस्त करायची. आठ-नऊ महिने हे चाललं. यात मला थोडा मोठेपणाही वाटायला लागला होता, हे आज कबूल करते. ज्यांनी मला शिकवलं, त्यांना आता माझ्यावाचून चालत नव्हतं.

मग एका खासगी रुग्णवाहिका सेवेचं काम आलं. तिची जवळजवळ सगळी वेबसाइट दादांनी केली. एक पान माझ्याकडे होतं. ज्या दिवशी काम द्यायचं होतं, त्या सकाळी दादांनी ग्राहकासमोरच माझं पान नापास केलं. बरोबरच होतं त्यांचं, पण चारचौघांत बोलायची गरज नव्हती असं मला वाटलं. दिवसभर मी धुमसत होते. संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे फाइल पाठवली. मी ती उघडली, वरून खालपर्यंत सरकवली आणि बंद केली. पाहिलं काहीच नाही. "ठीक आहे, दादा," एवढं म्हणून मी स्कुटी काढली आणि प्रताप नगरला घरी गेले.

पान तयार करताना खऱ्या नंबरच्या जागी आम्ही कोणताही नंबर टाकून ठेवतो. दादा वर्षानुवर्षं एकच टाकायचे, कारण तो कोणाचाच नव्हता. ग्राहकाकडून खरा नंबर आल्यावर त्यांनी तो तीन ठिकाणी बदलला. चौथा राहिला, तो उजव्या कडेला. मोबाइलवर पान कितीही सरकवलं तरी जागचं न हलणारं एक लाल बटण होतं, दाबलं की थेट फोन लागणारं. आणि दादांचा तो बिनमालकाचा नंबर मधल्या काळात कोणाला तरी मिळाला होता. दूरच्या एका गावातले निवृत्त मास्तर होते ते.

दोन दिवस लोक त्या मास्तरांना रुग्णवाहिकेसाठी फोन करत राहिले. ते बिचारे प्रत्येकाला चुकीचा नंबर आहे म्हणून सांगत राहिले. एका माणसाची आई घरात कोसळली होती. मास्तर बोलतात ते त्याला खरं वाटेना, त्याने पुन्हा पुन्हा तेच बटण दाबलं. शेवटी तो तिला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी तो रुग्णवाहिकावाल्यांच्या दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा सगळं उघडकीला आलं. त्याच्या आईचं पुढे काय झालं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यावर ऑफिसात बैठक झाली, तिथे दादा म्हणाले, चूक माझी आहे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नंतर कंपनी चालवणाऱ्या सरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. शांतपणे विचारलं, "त्यांना दिसत नाही का? खरं सांग."

मी हो म्हणाले.

किती दिवसांपासून, तेही त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ती पानं कोण तपासत होतं, हा प्रश्न त्यांना सुचला नाही. मी तिथेच बसले होते, सांगायला पुरेसा वेळ होता. मी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात दादांनी राजीनामा दिला, म्हणजे त्यांच्याकडून लिहून घेतला. त्यांची जागा मला मिळाली. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलाशी मी बरेच दिवस बसले नाही. मग एसीचं पाणी माझ्या जुन्या जागेवर गळायला लागलं आणि मला तिकडे जावंच लागलं.

चार महिन्यांनी एका रविवारी मी मौद्याला गेले. दादा ओसरीवर बसले होते. मी बोलल्यावर त्यांनी ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. वहिनींनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. मी मनात वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले आणि सरळ म्हणाले, "दादा, ते पान मी पाहिलंच नव्हतं."

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तू पान पायतं तवा तुह्या माउसच्या चाकाचा आवाज थांबून थांबून येते. त्या दिवशी एका दमात खाली गेला."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"नंबर मीच टाकला होता ना." मग त्यांनी त्या माणसाच्या आईबद्दल विचारलं. मला माहीत नाही म्हणून सांगितलं. "म्याही नाही इचारलं कोणाले," ते म्हणाले. "भेव वाटलं."

चहा संपला. निघताना मी पुन्हा येईन म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. आवाजात राग अजिबात नव्हता. "नको येऊ वं. तू आली का मले ते सारं याद येते."

मी त्यानंतर गेले नाही. गेल्या वर्षी टीममधल्या एकाकडून कळलं, की त्यांचा उजवा डोळाही गेला. वहिनी तिथल्याच शाळेत खिचडी शिजवायला जातात आणि दुपारपर्यंत ते घरी एकटे असतात. टीममध्ये आता आम्ही सात जण आहोत, आणि त्यातल्या चौघांनी दादांना पाहिलेलंही नाही.