ओझोनचा वास

माझी अक्कलदाढ आडवी आली होती. सरळ वर यायचं सोडून ती शेजारच्या दाढेला ढुशा मारत बसली होती. दाढ माझ्या स्वभावावर गेली आहे असं आई म्हणायची आणि त्यावर बाबा मनापासून हसायचे. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायचो आणि मी तिथल्याच एका क्लासमध्ये शिकवायचे. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा, त्यामुळे तोंड सुजलं की धंदा बंद.

स्टेशनकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दातांचा नवा दवाखाना थाटला होता. एक्स-रे उजेडात धरून त्या म्हणाल्या, हिरडी कापून, दाढेचे तुकडे करूनच ती काढावी लागेल. माझा चेहरा उतरलेला बघून पुढे म्हणाल्या, "काढल्यावर आपण ओझोन देऊ या. जंतू मरतात, सूज आणि दुखणं कमी राहतं असं म्हणतात. प्रकार नवीन आहे, नको असेल तर नको." मला शाळेतला भूगोल आठवला. वर आकाशात ज्याला भोक पडलंय म्हणून सगळं जग काळजीत, तोच आता माझ्या जबड्यातलं भोक बुजवायला निघाला होता. मला गंमत वाटली आणि मी हो म्हटलं.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"ओझोन? तोंडात?"

बाबांना ओझोन चांगलाच माहीत होता. वालीवला पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरणारा एक छोटा कारखाना होता, तिथे ते सुपरवायझर होते. पाणी गाळून झालं की त्यात जंतू राहू नयेत म्हणून ओझोन सोडतात. तो एका मशीनमध्ये तयार होतो आणि नळीतून टाकीत जातो. नळीचा सांधा सैल झाला की तो टाकीत न जाता शेडमध्ये पसरतो. मग डोळे चुरचुरतात, घसा धरतो, छातीत घेतला तर माणूस आडवा होतो. गळती दाखवणारं मीटर बाजारात मिळत होतं, पण मालकाने ते घेतलं नव्हतं, कारण त्याच्याकडे बाबांचं नाक होतं. झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापल्यावर येतो तसलाच, पण जास्त टोचणारा तो वास बाबांना सगळ्यांच्या आधी यायचा. त्यांनी मशीन बंद करून "बाहेर!" म्हणून ओरडायचं आणि बाटल्या भरणाऱ्या, झाकणं लावणाऱ्या बायकांनी हातातलं काम टाकून अंगणात पळायचं, अशी तिथली पद्धत होती. बाबांना त्याचा भारी अभिमान. "माझ्या नाकावर कारखाना चालतो," ते म्हणायचे. "आणि नाकावरच्या रागावर घर," आई म्हणायची.

"ते काही नाही," बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "मी येणार. खुर्चीच्या बाजूला उभा राहणार. जरा जरी जास्त वास आला ना, तर तुला उचलून बाहेर आणीन. डॉक्टरीण गेली उडत."

मला बरंच वाटलं. दाढेची भीती होतीच, त्यात हा गॅस. बाबांसारखा जाणकार शेजारी असला तर चिंता नव्हती.

दाढ काढली त्याबद्दल फार लिहीत नाही. जबडा बधिर होता, पण कान नव्हते, आणि आपलंच हाड आपल्याच डोक्यात कडाडताना ऐकू येणं हा प्रकार मी शत्रूवरही येऊ देणार नाही. टाके घालून झाले. डॉक्टरांनी आईबाबांना आत बोलावलं. आई दाराशी थांबली आणि बाबा अगदी पहारा द्यायला आल्यासारखे खुर्चीला खेटून उभे राहिले.

डॉक्टरांनी पेनाएवढी एक काचेची कांडी हातात घेतली. बटण दाबल्यावर तिच्यात जांभळा उजेड पडला आणि चरचर आवाज सुरू झाला. "या टोकाशी हवेतल्या हवेतच थोडासा ओझोन तयार होतो," त्या म्हणाल्या. "जेमतेम मिनिटभर द्यायचा." त्यांनी स्वतः मास्क लावला, मदतनीस बाईंना खिडकी उघडायला सांगितली, ओढून घेणारी नळी माझ्या गालाशी ठेवली आणि मग ती कांडी जखमेवर धरली.

आणि वास आला. चांगला झणझणीत. माझ्या घशात खवखवलं. मदतनीस बाई शिंकल्या. दाराशी उभ्या असलेल्या आईने पदर नाकाला लावला. मी डोळे वर करून बाबांकडे पाहिलं. आता हे ओरडणार, आता मला उचलणार, एवढ्या वासाला उचलू नका हो, असं काहीतरी मी मनात म्हणत होते.

बाबा मान पुढे करून, नाकपुड्या फुगवून हुंगत होते. मग त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, गॅस कधी सोडताय?"

डॉक्टरांचा हात थांबला. जांभळा उजेड विझला. त्या म्हणाल्या, "काका, झाला की देऊन."

"अहो, चेष्टा करताय का?" आई दारातून म्हणाली.

बाबांनी एकदा आईच्या नाकावरच्या पदराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसले. "सर्दी झालीय जरा." सर्दी कुठली? सकाळपासून त्यांनी एकदाही नाक पुसलं नव्हतं. तोंडात आता कापसाचा बोळा कोंबलेला, तासभर बोलायचं नाही अशी ताकीद, आणि समोर माझा बाप ज्या वासावर त्याची भाकरी होती तोच वास येत नाही म्हणून हसत उभा. मी आयुष्यात इतकी मुकी कधी झाले नव्हते. निघताना डॉक्टर हळूच त्यांना म्हणाल्या, "कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." बाबांनी मान डोलावली, जशी आपण विमा एजंटपुढे डोलावतो तशी.

रिक्षात मी नुसतं ऊं ऊं करत होते. रिक्षावाल्याला वाटलं पेशंटला कळा येताहेत, म्हणून बिचारा खड्डे चुकवत होता. आई बाहेर बघत बसली होती. घरात शिरल्याबरोबर ती चप्पल घालूनच स्वयंपाकघरात गेली, परत आली आणि म्हणाली, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना."

बाबांनी डोळे मिटले. आईने हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. दोन हात लांब बसलेल्या मला कापसासकट मळमळलं.

"ओळखा."

बाबा हुंगले, विचारात पडले आणि अगदी खात्रीने म्हणाले, "चहापत्ती."

आई मटकन खाली बसली. परवा तिच्या हातून दूध करपलं होतं, सगळ्या जिन्यात वास गेला होता आणि बाबा ओट्याशेजारी पेपर वाचत होते. तिला वाटलं होतं, पेपरात रमलेत. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी ती नुसती डबीचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती आणि ते लागत नव्हतं.

मी बोळा काढून फेकला. तास झाला नव्हता, होऊ दे. "कधीपासून?" मी विचारलं. म्हणजे विचारायला गेले. बधिर ओठातून कसलातरी लाल फेस बाहेर आला. पण बाबांना कळलं.

"दिवाळीला उटण्याचा वास आला नाही," ते म्हणाले. "तेव्हा लक्षात आलं. वाटलं येईल परत."

दिवाळी! आता होळी होऊन गेली होती. थंडी सगळी गेली आणि हा माणूस रोज डबा घेऊन त्या मशीनपाशी जात होता. वास आलाय की नाही हे सांगायला.

"मग गळती कशी कळते तुम्हाला?"

आणि बाबा, माझे साधेभोळे, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले बाबा, जरा कौतुकानेच म्हणाले, "पोरींच्या तोंडाकडे बघतो. कुणी पदर लावला, ओढणी लावली नाकाला, की समजायचं. लगेच मशीन बंद. आजवर कुणाला संशय नाही आला."

ज्या बायकांनी गॅस खाऊ नये म्हणून बाबांना उभं केलं होतं, त्यांनी गॅस खाल्ला की मगच बाबांना कळत होतं. मी ओरडले. टाके ताणले, रक्त हनुवटीवर आलं, आई फडकं घेऊन धावली, तरी ओरडले. एखादी जागेवर पडली असती तर काय तोंड दाखवलं असतं तुम्ही? बाबांचा आवाज तेव्हा कुठे चढला. "नाक गेलं म्हटलं तर मालक उद्या दुसरा आणेल. मला या वयात कोण घेणार आहे? तुझ्या क्लासवर चालणार आहे घर?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आई फडकं पिळत म्हणाली, "त्या पण कुणाच्या तरी घरच्या आहेत हो." बाबा खाली बसले आणि म्हणाले, "मी नसलो की मशीन बंदच असतं. सुट्टी टाकतो. हिचे टाके बघून झाले की जातो आणि सगळ्यांना सांगतो."

टाके दाखवायला गेलो तेव्हा ओझोन पुन्हा एकदा द्यायचा होता. बाबा या वेळी बाहेर बाकावरच बसले. पुन्हा तो जांभळा उजेड, ती चरचर. सूज उतरली होती. ओझोनने उतरली की आईच्या मिठाच्या गुळण्यांनी, देव जाणे. मला विचाराल तर मला दुखलंही कमीच. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. या एवढ्याशा मिनिटभराच्या वासासाठी डॉक्टरांनी मास्क, उघडी खिडकी, ओढून घेणारी नळी, एवढा सरंजाम केला होता. आणि तिकडे पत्र्याच्या बंद शेडमध्ये काय होतं? एक पदर.

दवाखान्यातून बाबा वालीवला निघाले तशी मीही रिक्षात बसले. त्यांनी नको म्हटलं नाही. मला त्यांचा भरवसा नव्हता हे त्यांना कळत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. शेडबाहेरच्या सावलीत बायका डबे उघडून बसल्या होत्या. बहुतेक माझ्याएवढ्या, जवळपासच्या चाळींतल्या मुली. एक जरा वयस्कर, चिंचोटीकडच्या गावातली, भातशेतीवाल्या घरची. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि माझ्या दाढेची विचारपूस केली. बाबा उभेच होते. वाटेत त्यांनी मनाशी घोकलेलं सगळं विसरले असावेत, कारण ते एकदम म्हणाले, "मला वास येत नाही. दिवाळीपासून. मी तुम्हाला फसवलं."

कुणी घास खाली ठेवला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग ओढणीवाली एक मुलगी म्हणाली, "काका, माहितीये आम्हाला."

"काय माहितीये?"

वयस्कर बाईने बोट चाटलं. "तुमाला वास येत नाय ते. तुमी आमच्या तोंडाकडं बघायचा ना, म्हून मी पदर लावायची. तुमाला दिसावा म्हून."

मला आधी नीट उलगडलंच नाही. मग उलगडलं. बाबांना वाटत होतं आपण बायकांच्या नकळत बघतो आहोत. आणि त्या, बाबांच्या नकळत, दाखवत होत्या.

"आणि मी दुसरीकडे बघत असलो तर?" बाबांनी विचारलं.

"मंग थांबायचं, तुमी वळंपर्यंत," ती म्हणाली. मुलींनी माना हलवल्या. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

बाबा तिथून सरळ मालकाच्या केबिनमध्ये गेले. आतून मालकाचा चढलेला आवाज येऊ लागला. पुढे भिंतीवर मीटर लागलं आणि बाबांची रवानगी कमी पगारावर गोदामात झाली, पण ते सगळं नंतरचं. तेव्हा मी त्या सावलीत उभी होते आणि मला राग आवरत नव्हता. बाबांचा, मालकाचा, आणि खरं सांगायचं तर त्या बायकांचाही. वळायची वाट बघत त्या किती वेळा तो गॅस पीत बसल्या असतील!

"ओरडला का नाहीत तुम्ही?" मी त्या बाईला विचारलं. "वास आला की सरळ ओरडायचं. मशीन कुणीही बंद करू शकतं!"

"ओरडलो असतो तर काकांना कळलं असतं ना," ती म्हणाली, "आमाला कळलंय ते. मानूस लाजून मेला असता."

एवढं बोलताना तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. शेजारच्या मुलीने न बघताच पाण्याची बाटली तिच्या पुढे सरकवली, तिने दोन घोट घेतले आणि डबा धुवायला उठली.