कोब्यावरचा डाग

मंगळवार पेठेतून दूध आणायला जाताना एक बाई मला रोज दिसायची. फाटकाच्या आत, काँक्रीटच्या कोब्यावर उकिडवी बसलेली. तिच्या पोराच्या मोटरसायकलीतून तेल गळायचं. रात्रभरात पडलेल्या डागावर ती लाकडाचा भुसा टाकायची, मग धुण्याचा सोडा पेरून खराट्यानं खसाखसा घासायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "आरं, घाल की ती गाडी भंगारात!" आतून पोरगा हसायचा.

यंदा गळीत हंगामात, शिरोळच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळून तो पोरगा गेला.

महिन्याभरानं बाई पुन्हा कोब्यावर दिसली. त्यानं पाडलेला शेवटचा डाग तसाच काळा होता. ती तांब्यातलं नुसतं पाणी त्यावर ओतत होती आणि तळहातानं हळूहळू चोळत होती. न विचारता शहाणपण शिकवायची माझी खोड काही जात नाही.

"मावशी, पाण्यानं तेल निघतंय होय? सोडा टाका की."

तिनं मान वर केली नाही.

"सोडा हाय की घरात, पावणं. पर ह्यो डाग निघाला, तर दुसरा कोण पाडणार?"