बाहेर बसणाऱ्या सुमनताई

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारेगावात एका आजोबांची जखम धूत होते. फोन ठेवला आणि पट्टी पुरी केली. अर्धवट टाकून उठलेलं ताईंना चाललं नसतं...

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्या आमच्या पथकात आल्या. बरे न होणाऱ्या रुग्णांच्या घरी आम्ही जातो. मी नर्स, दुखणं बघायची. घरच्यांशी बोलायचं काम ताईंचं. त्यांचे यजमान कॅन्सरनं गेले होते, आणि आजारपणाच्या वर्षभरात घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. "आम्ही हवापाण्यावर बोलत राह्यलो गं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या हंगामात कळंबजवळच्या तांड्यावर रामजीभाऊ होते. तोंडाचा कॅन्सर. बायको कमलाबाई दारातच बजावायची, "त्यायले काई सांगू नका." ताई वाद घालत नसत. एकदा तिच्यासोबत वावरात गेल्या, किडकी बोंडं तोडता तोडता विचारलं, "तू रडते कुठं?"

"इथंच," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

त्याच दुपारी रामजीभाऊ आम्हा दोघींना हळूच म्हणाले, "मले समदं मालूम हाये. तिले सांगू नका, बिचारी खचून जाईन."

ताईंनी कुणाचंच गुपित फोडलं नाही. "मले सांगतलं तेच तिले सांगा ना," म्हणाल्या, कमलाबाईला आत पाठवलं आणि मला घेऊन अंगणात बाजेवर बसल्या. आतून आधी रामजीभाऊंचा हळू आवाज आला, मग रडणं. शेवटी कमलाबाई बाहेर आली. "त्यायले ढाणकीच्या बहिणीले भेटाचं हाये. आजवर काहून नाई बोल्ले?" त्याच आठवड्यात दोघं ढाणकीला जाऊन आले.

यंदा ताईंनाच बरं न होणारं दुखणं झालं. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा सुधीर फाटकाशी मला म्हणाला, "सिस्टर, आईला काही कळू देऊ नका." मी हो म्हटलं. लिहितानाही लाज वाटते... दोन भेटी मी नुसतं उन्हाबद्दल बोलले. तिसऱ्या वेळी ताईंनी माझं मनगट धरलं. "सुधीरनं बजावलं ना तुले? त्याले आत धाड. अन् तू बाहेर बस."

मी पायरीवर बसले. अर्ध्या तासानं सुधीर आला, डोळे लाल. "आईला अंबाडीची भाजी खायची आहे. म्हणते, मी सांगते, तू कर."

पुढचे वीस दिवस त्या घरात बोलणं थांबलं नाही. भाजीपासून सुरू व्हायचं आणि बाबांच्या शेवटच्या वर्षापर्यंत जायचं.

त्या गेल्यावर परवा मी घरी गेले, तर सुधीर स्वयंपाकघरात होता. "जेवूनच जा," म्हणाला. आम्ही ओट्याशेजारी खाली बसून जेवलो. ताईंचं नाव घ्यायला दोघांपैकी कुणीच बिचकलं नाही.