तोरोन्तालच्या ताई

"आदी शेजार बघ."

संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून ताई हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणायच्या, की नव्याने कामाला लागलेल्यांना तो कंपनीचाच नियम वाटायचा. बोट टेकलं की हिरव्या बांगड्या टेबलावर वाजायच्या आणि काचेवर खोबरेल तेलाचा ठसा उमटायचा. मॅनेजर तो पुसायला लावायचे. ठसा दुसऱ्या दिवशी परत हजर. शेवटी मॅनेजरांनीच नाद सोडला.

तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, आठवून पाहा. हुद्दा यथातथाच, पण अडलं की सगळे त्याच टेबलाकडे जातात. आमच्याकडे त्या टेबलावर ताई होत्या. काम तपासून शेवटची मंजुरी देणं त्यांच्याकडे होतं.

आमचं ऑफिस ऐरोलीला आणि काम नकाशांचं. परदेशातल्या कुणाला जुना नकाशा संगणकावर चढवून हवा असला की तो आमच्याकडे यायचा. तसाच एकदा तोरोन्ताल आला. हा जुन्या हंगेरीतला एक जिल्हा. आता तो शोधून सापडायचा नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या वाटण्या झाल्या. मोठा वाटा आजच्या सर्बियात गेला, काही भाग रुमानियाला मिळाला आणि हंगेरीकडे एक चतकोर उरला. जुन्या नकाशावरचं एकेक गाव घेऊन ते आज कुठे आहे हे आम्ही दाखवायचं होतं.

यात काय एवढं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण गावांना नावं होती की आडनावं, कळेना. हंगेरियन लोकांचं एक, जर्मनांचं दुसरं, सर्बांचं तिसरं. जिल्ह्याचं मुख्य ठाणं नॉज्बेचकेरेक. पुढे ते वेलिकी बेचकेरेक झालं, मग पेत्रोवग्राद, आणि आता झ्रेन्यानिन. आमच्या एका सहकाऱ्याने या एका शहराची चार शहरं करून चार ठिकाणी टाकली आणि वर चहा प्यायला निघून गेला.

ताईंनी त्याला परत बोलावलं. "लग्नात बायकोचं नाव बदललंस ना तू?"

"हो."

"मंग घरात दोन बायका झाल्या काय?"

तो चहा थंडच झाला. त्या दिवसापासून ताईंची पद्धत आम्ही सगळ्यांनी उचलली. नावाच्या मागे धावायचं नाही. नदी कुठल्या हाताला आहे, रस्ता कुठून येतो आणि शेजारी कोण, एवढं पाहायचं. नाव बदलणारे शंभर येतात, नदी उचलून नेणारा अजून जन्माला यायचाय, असं त्या म्हणत.

ताई तळवलीच्या, अस्सल आगरी. त्यांच्या गावाची शेती शहरासाठी गेली आणि गावाच्या चहूबाजूंनी आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. म्हणूनच की काय, तोरोन्तालचा नकाशा त्यांना पहिल्या दिवशी कळला. काही गावांतल्या गल्ल्या वेड्यावाकड्या होत्या आणि काही गावं पट्टीने आखल्यासारखी सरळ. आम्ही दोन्हींकडे नुसते पाहत बसलो. ताईंनी बोट टेकवलं. "हे गावठान. आनी हे सेक्टर."

खरंच तसं होतं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या राज्यकर्त्यांनी तिथल्या दलदली आटवून जर्मन शेतकरी आणून बसवले होते आणि त्यांच्यासाठी चौकोनी गावं आखली होती. हे समजल्यावर ताईंनी माझं नावच जर्मन ठेवलं. मी साताऱ्याचा, राहणार ऐरोलीच्या सेक्टरमध्ये.

"काय रे जर्मन, जेवलास काय?" म्हणत त्या डबा पुढे सरकवायच्या. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. ती चटणी खाऊन जर्मन माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तरी तो दुसरी भाकरी मागायचा.

काम संपत आलं तेव्हा खरा पेच पडला. कामाच्या सूचनांमध्ये एक नियम होता: ज्या नावाजवळ चर्चची खूण नाही, ते गाव धरू नये. आम्ही इमानदारीत तो पाळला होता. मोठ्या गावांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक काळे ठिपके होते आणि पुढे कुणा कुटुंबाचं नाव. आम्हाला ती शेताच्या मालकांची नावं वाटली. आमच्याकडे नाही का, अमक्याचं शेत, तमक्याचा मळा? सगळे ठिपके आम्ही वगळले.

ताई बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी शोधाशोध केली. त्या ठिपक्यांना तिकडे सालाश म्हणतात. गावापासून लांब, शेतात बांधलेली घरं. पेरणीपासून कापणीपर्यंत माणसं तिथे राहायची आणि थंडीत गावात परतायची. पुढे काही जण तिथेच राहिले.

"ही मानसांची घरं हायेत," त्या मॅनेजरांना म्हणाल्या. "ही घातल्याबिगर मी मंजूर नाय करनार."

मॅनेजर मुलुंडहून यायचे. माणूस वाईट नव्हता, पण मुदतीच्या नावाने त्याला घाम फुटायचा. "ताई, कशाला टेन्शन देताय? क्लायंटने मागितलंय का? नाही ना?"

"नाय मागितलं."

"मग?"

"मग काय? हाय ते हाय."

"ताई, याच महिन्यात तुमचा करार वाढवायचाय. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"तुमी तुमचं उत्तर द्या. मी खोट्याला बरोबर बोलनार नाय."

घरात ताईंची एकटीची नोकरी होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी डबा उघडून त्या तशाच बसल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, परक्या मुलखातली शंभर वर्षांपूर्वीची घरं. त्यांच्यासाठी कशाला पायावर धोंडा?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. पाऊस सरला की चार-पाच घरं सगळा संसार घेऊन खाडीकाठच्या झोपड्यांत राहायला जायची, ती पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी परतायची. ताईंचा जन्म तिथला. जमिनीची मोजणी झाली तेव्हा गावातली घरं कागदावर आली, मिठागरावरची वस्ती आली नाही. आता तिथे काहीच उरलेलं नाही.

"पोरीला सांगतू, मी तिथं जन्मली. तर ती मोबाइलवर नकाशा बघते आनी बोलते, आई, तिथं तर कायच नव्हतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कायच नव्हतं, असं कसं? मी हाय ना?"

मी माझा डबा बंद केला आणि जागेवर जाऊन पहिला ठिपका उचलला. थोड्या वेळाने पाहिलं तर एका शहराची चार करून चहाला गेलेला तो सहकारीही ठिपकेच टाकत होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे सालाश नकाशावर आले आणि ताईंनी मंजुरी दिली.

क्लायंटचं एका ओळीचं उत्तर आलं: नकाशा मिळाला, आभार. सालाशबद्दल चकार शब्द नाही. ताईंचा करार वाढला, पण त्यांना आमच्या कामावरून काढून कुठल्याशा शहरातल्या गाड्या लावायच्या जागा मोजायला बसवलं.

"वाईट वाटतं का, ताई?" मी विचारलं.

"मना कशाला? घरं घातली ना आपन? बघनारा येल कवातरी."

"आणि नाहीच आला तर?"

"नाय तर नाय. घर काय पाव्हन्यासाठी बांधतात?"

पुढच्या वर्षी त्या आजारी पडल्या आणि फार लवकर गेल्या. आम्ही सगळे तळवलीला गेलो होतो. मी आयुष्यात फार थोड्या माणसांसाठी रडलो आहे, त्यांत त्या आहेत.

परवा कंपनीला एक मेल आला. कॅनडातल्या एका वृद्ध गृहस्थांचा. त्यांची आजी सांगायची की ती एका सालाशवर जन्मली. ती जागा कुठल्याच नकाशात सापडत नव्हती, म्हणून घरातले सगळे तिला हसायचे. म्हातारी कल्पनेने रचून सांगते, म्हणायचे. क्लायंटने सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या आमच्या नकाशावर त्यांना ती जागा सापडली, नावासकट. हे काम ज्यांनी केलं त्यांना कळवावं, आजी खरं बोलत होती, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

वाचता वाचता माझी खुर्ची आपोआप ताईंच्या टेबलाकडे वळली.

"ताई, आला हो बघणारा!"

त्या जागेवर हल्ली बसणाऱ्या गृहस्थांनी कानावरचा हेडफोन काढला. "मला म्हणालात?"

"नाही," मी म्हणालो. "पण या इकडे. एक वस्ती दाखवतो."