बघूसाहेबांचं सत्य

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे बघूसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं, उलट आतून जरा बरंच वाटायचं. कुणी काहीही मागो, विचारो, विनवो, यांचं उत्तर ठरलेलं : "बघू." आयुष्यात त्यांनी ‘हो’ कधी म्हटलंच नसेल असं नाही. दंतवैद्यानं ‘दुखतंय का’ म्हणून विचारल्यावर म्हटलं असावं.

खिडकीला जाड काच होती, काचेत बोलायला भोकं होती आणि खाली हात जाईल एवढी फट होती. लोक तिच्यातून हात घालून गयावया करत, म्हणून साहेबांनी ती पुठ्ठा लावून बंद केली होती. पाठीमागे वेळापत्रकाचा फळा, उजव्या हाताला आगाराचा फोन, समोर माइक, आणि या सगळ्याच्या मधोमध साहेब, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"साहेब, साडेनवाची गाडी येईल ना?"

"वेळापत्रकात साडेनऊ आहे."

"ते मलाही दिसतंय हो. पण येईल ना?"

"आहे म्हणालो. येईल म्हणालो नाही."

विचारणारा चडफडत बाकावर जाऊन बसे आणि साहेब चष्मा पुसत. आपण खोटं बोललो नाही याचं केवढं समाधान त्या चेहऱ्यावर! आगारातून गाडी निघाल्याचा फोन आलेला असला तरी ते ‘गाडी येतेय’ असं म्हणत नसत. ‘निघाल्याचं कळवलं आहे’ एवढंच म्हणत. वाटेत टायर फुटलं तर? मग हे खोटे ठरले असते ना! एकदा तापलेल्या पोराला खांद्यावर घेऊन एक बाई आली. थांबू की मिळेल त्या गाडीनं जाऊ, एवढंच तिला हवं होतं. "ते तुम्ही ठरवा," साहेब म्हणाले. दुपारच्या पाळीचा कारकून होता, तो बिचारा सगळ्यांना "येतेच आहे, बसा" म्हणायचा, गाडी आली नाही की लोकांच्या शिव्या खायचा, बाहेर येऊन हात जोडायचा आणि दुसरी गाडी शोधून द्यायचा. साहेब त्याला थापाड्या म्हणत.

हा स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. साहेबांचे वडील आश्वासनांचे कारखानदार होते. पुढच्या आठवड्यात बूट, पुढच्या महिन्यात सायकल, पुढच्या वर्षी नवं घर. आलं काय, तर नुसता पुढचा आठवडा. आई लवकर गेली. जाताना तिनं थोरल्या मुलीला, म्हणजे साहेबांच्या ताईला, धाकट्याला सांभाळशील ना असं विचारलं, आणि स्वतःच अजून फ्रॉकमध्ये असलेली ती पोर हो म्हणाली. तिनं शिवणकाम केलं, लग्न लांबणीवर टाकलं, भावाला शिकवलं. एका घरात साहेबांसमोर दोन माणसं होती. एक हो म्हणून फसवणारा, एक हो म्हणून निभावणारी. साहेबांनी दोघांकडे बघितलं आणि आपण हो म्हणायचंच नाही, असा धडा घेतला. ताईच्या जिवावर वाढून हा धडा घ्यायचा, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यातलाच प्रकार.

बरं, एवढ्यावर थांबले असते तर आपल्याला काय पडलं होतं? पण साहेब दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला पहिल्या बाकावर बसत आणि आपल्या या भित्रेपणाला देवाचा शिक्का मारून घेत. एकदा बायबलच्या अभ्यासवर्गाचा विषय होता, देव सत्य आहे म्हणजे काय. साहेब लगेच उभे.

"देव खोटं बोलत नाही. बस्स. मीसुद्धा आयुष्यात बोललेलो नाही. कुणीही सिद्ध करून दाखवावं."

पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "साहेब, हा खांबसुद्धा कधी खोटं बोललेला नाही. त्याला आपण सत्यवादी म्हणतो का?"

मंडळी हसली. साहेबांचे कान लाल झाले.

"देव सत्य आहे म्हणजे तो खोटं बोलताना पकडला जात नाही, एवढंच नाही," पाळक पुढे म्हणाले. "तो आधी बोलतो. मी तुमचा देव होईन, तुम्हाला सोडणार नाही, असं तोंड भरून बोलतो आणि स्वतःला बांधून घेतो. मग माणसं कशीही वागोत, तो शब्द फिरवत नाही. आपला विश्वास त्याच्यावर उभा आहे. तो नुसता गप्प बसला असता तर आपण विश्वास कशावर ठेवला असता?"

साहेबांनी हे एका कानानं ऐकलं. हेच पाळक मागे घरी येतो म्हणून विसरले होते, हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. शब्द मोडणाऱ्यानं आम्हाला शब्दाविषयी शिकवावं! घरी जाताना त्यांनी बायकोला हे ऐकवलं आणि बायको नेहमीप्रमाणे पदर सावरत चालत राहिली. साहेबांच्या मनातला देवही असाच कुठेतरी वर, जाड काचेमागे, पुठ्ठा लावून बसलेला होता.

मग ताईच्या पोटात गाठ निघाली.

ताई विधवा. तिला एकच मुलगी, छकुली. छकुलीचे केस पिकायला लागले होते, पण समज लहान पोरीएवढीच. कपड्यांच्या घड्या सुरेख घालायची, ताटं मांडायची, मात्र एकटीनं रस्ता ओलांडू शकत नव्हती. शस्त्रक्रिया अवघड होती आणि डॉक्टरांनी ते लपवलं नव्हतं. ताई तिला घेऊन भावाच्या घरी आली, खुर्चीत नीट बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"माझं काही झालं तर छकुलीला तुझ्या घरी ठेवशील ना?"

"काही होणार नाही, असं मी म्हणू शकत नाही," साहेब म्हणाले. एवढं धीराचं बोलणं त्यांनाच जमे.

"ते मी विचारलंच नाही. ठेवशील ना?"

"बघू."

"अरे, बघू काय? ती काय सोफा आहे, दिवाणखान्यात मावतोय का बघायला?"

"ताई, उद्या मी आजारी पडलो, माझंच काही झालं, तर? शब्द देऊन बसायचं आणि मग तोंडघशी पडायचं, ते मला जमत नाही. वेळ आली की बघू."

ताईनं चहा संपवला आणि छकुलीचा हात धरून निघून गेली. साहेबांना वाटलं, आपण किती प्रामाणिकपणे बोललो! स्वयंपाकघरात बायकोनं कपबशी एवढ्या जोरात आपटली की कपाचा कान तुटला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ही तिघं दवाखान्यात होती. साहेब, त्यांची बायको आणि छकुली. ताईला ढकलगाडीवर घेतलं होतं, केस हिरव्या टोपीत कोंबले होते, आणि त्या टोपीत ती एकदम लहान दिसत होती. भावाला बघून तिचा चेहरा खुलला.

"बरं केलंस रे, हो म्हणालास. वहिनी काल सांगून गेली."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती.

आता इथं कुणीही माणूस काय करेल? घसा खाकरेल, बहिणीचा हात दाबेल, गप्प बसेल. पण नाही. आमच्या सत्यमूर्तीला ते चालणार कसं? गप्प बसणं म्हणजे खोट्याला साथ देणं, आणि एवढी वर्षं स्वच्छ राखलेल्या सदऱ्यावर डाग पडणं.

"ताई, मी तसं म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "बघू म्हणालो होतो."

असं बोलले आणि रुमालानं ओठ पुसले. त्या माणसाच्या एक ठेवून द्यावी, असं तिथल्या वॉर्डबॉयलाही वाटलं असेल. ताई मात्र चिडली नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "वहिनीला खोटं बोलता येत नाही, मान खाली घालूनच बोलत होती. मीही काही कमी नाही, तुझ्या तोंडून एकदा हो येतंय का बघत होते. अरे, देवानं आपल्याला बघू म्हटलं असतं तर मी आज या गाडीवर अशी निवांत पडले नसते, घरी ऊर बडवत बसले असते. त्यानं आधी हो म्हटलं. आपण कसे आहोत ते माहीत असून म्हटलं. आणि ते निभावताना त्याला वधस्तंभावर, क्रुसावर, जावं लागलं. तुझ्या खरेपणापायी तुला कधी काही मोजावं लागलं का रे?"

वॉर्डबॉयनं गाडी ढकलली. दाराशी ताईनं छकुलीला जवळ बोलावलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आत गेली.

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" बायकोनं विचारलं. कित्येक वर्षांत तिनं एवढ्या मोठ्यानं काही विचारलं नव्हतं.

"ते खोटं ठरलं असतं."

"मग खरं करायचं होतं की."

साहेब उठून दूरच्या खिडकीशी गेले. तिथं काचेमागे एक परिचारिका बसली होती.

"आत सगळं ठीक आहे ना?"

"शस्त्रक्रिया चालू आहे."

"ते माहितीय हो. पण ठीक होईल ना?"

"चालू आहे, एवढंच मला सांगता येईल."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. साहेब काचेवर हात ठेवून तसेच उभे राहिले. कुणीतरी हो म्हणावं, खोटं का होईना, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तेही स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी वाटायला या माणसाला अजून थोडा वेळ होता.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, पण हृदय थांबलं होतं आणि पुन्हा चालू झालं नव्हतं. बायको छकुलीला पोटाशी धरून रडली. छकुलीला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ती लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून रडली. साहेब उभेच होते. ज्या बाईला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता ती आत पडली होती, आणि शब्द त्यांच्या खिशात तसाच, एकही सुरकुती न पडलेला.

बऱ्याच वेळानं ते छकुलीपुढे येऊन बाकावर बसले.

"छकुली, तू आमच्याकडे राहायचंस. हो. मी सांभाळीन तुला."

"माहितीय," छकुली नाक पुसत म्हणाली. "आईनं आत जाताना सांगितलं."

"काय सांगितलं?" साहेबांनी विचारलं. दाराशी जाईपर्यंत तर ताईनं त्यांचं ‘बघू’ ऐकलं होतं.

"म्हणाली, मामा हो म्हणेल, त्याच्याबरोबर जा. उशिरा म्हणेल, पण म्हणेल. आणि एकदा म्हणाला की तुला सोडणार नाही. तो खोटं बोलत नाही."

साहेबांनी तोंडावर हात धरला. हेच वाक्य ते स्वतःबद्दल जन्मभर ज्याला त्याला ऐकवत आले होते. आज ते दुसऱ्या कुणी म्हटलं, आणि खरं करून दाखवण्याचं ओझं त्यांच्या अंगावर येऊन पडलं. ते रडले, दवाखान्याच्या त्या मोकळ्या व्हरांड्यात, लोकांसमोर, इस्त्रीच्या सदऱ्यानिशी. बरं झालं.

छकुली वाकली आणि तिनं बाकाखालून एक मोठी पिशवी ओढली.

"माझे कपडे," ती म्हणाली. "आईनं भरलेत."

"कधी?"

"तुमच्याकडे चहाला आलो होतो ना, त्याच्या आधी."

साहेबांनी पिशवी उचलली. ती फार जड होती. उन्हाळ्याचे दिवस होते, पण वरच, पुढच्या थंडीसाठी, घडी घालून ठेवलेले लोकरीचे स्वेटर होते.