नदीपेक्षा मैला मामा

माझी भाची पीएचडीसाठी इंदूरच्या कान्ह नदीच्या पाण्यात एका विचित्र जातीची रसायनं शोधते. शरीरात शिरून ती हार्मोन्सची नक्कल करतात. आपल्या साबणातून, अत्तरातून, प्लास्टिकमधून, गोळ्यांमधून ती गटारात जातात, आणि शुद्धीकरण केंद्रातून पाणी नितळ होऊन निघालं तरी थोडी आत राहतातच. ऐन नमुने घ्यायच्या सकाळी तिला ताप भरला. लॅबमधल्या मशीनवर तिचा नंबर दुसऱ्याच दिवशी होता. तो हुकला की थीसिसचं शेवटचं प्रकरण लटकलं. मी म्हणालो, "मग मामा कशासाठी आहे?"

तिने काचेच्या चार बाटल्या दिल्या. तीन रिकाम्या; केंद्राचं पाणी नदीत पडतं तिथे भरायच्या. चौथीत लॅबचं शुद्ध पाणी. तिला ती 'ब्लँक' म्हणते. काठावर ती नुसती उघडायची आणि लावायची, म्हणजे बाहेरचं काही मिसळलं तर तिच्यात कळतं.

आता मी पडलो इंदूरचा. नदीवर जायचं तर लख्ख होऊन जावं, देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराच्या इज्जतीचा सवाल आहे. चंदनाच्या साबणाने आंघोळ केली, आफ्टरशेव्ह थापलं, हातांना क्रीम लावलं, नाकासाठी रुमालावर अत्तर घेतलं. झाकणांखालची फॉइल चुरगळलेली दिसली म्हणून ती काढून प्लास्टिकच्या थैलीचे तुकडे बसवले. ब्लँक खास, म्हणून तिचं तोंड रुमालाने आतून पुसलंसुद्धा. गाडीत थेंब सांडला नाही याचा मला केवढा अभिमान.

आठ दिवसांनी फोन आला. "मामा, नदीपेक्षा ब्लँक जास्त मैली आलीय."

"मशीन खराब असेल."

"मशीन एकदम बढिया आहे. तू काय काय लावून गेला होतास?"

मी एकेक सांगत गेलो. पलीकडे पेन चालत होतं. थैलीपाशी आल्यावर ते थांबलं.

"यार मामा, मी नदीला नाही, तुला तपासलं."

ती हसली, पण हसण्यामागचा थकवा मला ऐकू आला. दुसऱ्या सकाळी कचोऱ्या घेऊन मी लॅबमध्ये मशीनवाल्यासमोर उभा. "भिया, चूक माझी आहे. पोरीला अजून एक नंबर द्या." त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अच्छा, तो मामा आप हैं." नंबर मिळाला, शनिवारचा.

मग तीन दिवस साबण नाही, तेल नाही, पावडर नाही. बायकोने माझी खाट गॅलरीत हलवली. "अहो, वासावरून नदी घरीच आलीय, आता एवढं लांब कशाला जाता?" फॉइलला या वेळी मी हात लावला नाही. रुमालच नेला नाही.

ब्लँक कोरी निघाली. बाकीच्या तीन बाटल्यांत ती रसायनं होती, आणि या वेळी ती माझी नव्हती, म्हणजे एकट्या माझी नव्हती. प्रकरण वेळेत गेलं. नमुने कसे घ्यावेत त्या पानावर भाचीने एक ओळ वाढवलीय: नमुना घेणाऱ्याने तीन दिवस आधीपासून सुगंधी वस्तू वापरू नयेत.

त्या शनिवारी नमुने देऊन घरी आलो तेव्हाच बायकोने हातात नवा साबण ठेवला होता. हाही शेवटी नदीतच जाणार, म्हणून मी पाव वडी कापून घेतली आणि बाकीची तिला परत दिली.