बुध्याचं रीळ आणि नळाचं पाणी

वीस वर्षं मी मुंबईत मासेमारीच्या सामानाच्या दुकानात रॉड आणि त्यांवर दोरा गुंडाळायची रिळं विकली, आणि जन्मात एक मासा धरला नाय. हसायचं तर हसा. पहाटे शहापूर सोडायचं, दिवसभर काउंटरला उभं राहायचं, पाय सुजवून घरी यायचं. माझी आई, चंद्राबाई, रविवारी म्हणायची, "रत्नदीप, जरा धरणावर जाऊन बस, बरं वाटंल." मी म्हणायचो, "नको गो आई, तिथं पण गळच दिसतील."

आमच्याकडचा खरा मासेमार म्हणजे बुध्या. भातसा धरणाच्या काठाला त्याचा पाडा. लॉरीच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर हा बसणार, पाय पाण्यात, आणि हातात डब्याला गुंडाळलेली गळाची दोरी. कुठल्या बुडालेल्या झाडाखाली मासा आहे ते याला काठावरून कळायचं. पण मासे फक्त पोटापुरते. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, आणि बुध्या आणि त्याची बायको ठकू वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. एका वर्षी तिथल्या माती मळायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. दोन बोटांत दोरी धरून मोठा मासा ओढता येत नाय. विटा मात्र वाहता येतात म्हणे. मुकादम पुढच्या वर्षी पुन्हा दारात हजर.

दोन हजार सातची गोष्ट. आमच्या दुकानाचे एक गिऱ्हाईक, मुलुंडचे साहेब, धरणावर हौसेनं यायचे. त्यांनी बुध्याची नजर पाहिली आणि खूश झाले. खाडीच्या तोंडाशी ते लोकांना मासेमारीला न्यायचे, कयाकमधून. कयाक म्हणजे प्लास्टिकची चिंचोळी होडी, एका माणसाची, जवळजवळ पाण्यातच बसल्यासारखी. साहेब म्हणाले, "तीन फेऱ्या करून बघू. जमलं तर बुध्याला बारा महिने कामावर ठेवतो."

ठकूनं हे ऐकलं आणि मला रस्त्यात गाठलं. "दादा, ह्यांला चांगलं बघून द्या. औंदा भट्टी नको रं देवा. माझी कंबार गेली."

"अगो, देतो की," मी म्हटलं. "माझं कामच ते."

दोन दिवसांनी साहेब बुध्याला घेऊन दुकानात आले, नेमके बंद करायच्या टायमाला. मी सकाळपासून अठ्ठावीस रिळं उघडून दाखवली होती, त्यातली चार विकली गेली होती. डोकं भणभणत होतं. साहेब बोलत होते, "नऊ बेअरिंगवालं दाखव, दहावालं दाखव." मी म्हटलं, साहेब, बेअरिंग मोजून मासा येत नाय, आणि खाऱ्या पाण्यात जितकी बेअरिंग जास्त तितका गंज जास्त. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या बरोबरीनं बसतो, लाट सरळ रिळावर येते. म्हणून रिळाचं पोट बंद पाहिजे, रबरानं सील केलेलं.

तसं एक काढून दिलं. बुध्यानं रॉडची मूठ काखेत दाबली, दोन बोटांनी पुढं सावरली. रॉडचं टोक खाली गेलं. "जड हाय, दादा."

मग दुसरं काढलं. हलकं, चांगलं, पण पोट अर्धवट बंद. मी रिळाची फिरवायची मूठ डाव्या बाजूला बसवून दिली. बुध्यानं डोळे मिटले आणि डाव्या हातानं हळू फिरवलं, रीळ कानाशी नेलं. मग असा हसला की मलाच कसंतरी झालं. त्या शाबूत असलेल्या बोटानं त्यानं दोरा अडवून पाहिला, सोडून पाहिला. मासा ओढायची सोय त्याला बोटं गेल्यावर तीन वर्षांनी मिळाली होती.

"ह्येच," तो म्हणाला.

आता खरं सांगतो. हलकं रीळ घेतलं की धुणं आलंच. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, पोपटासारखं: समुद्रावरून आलात की नळाच्या पाण्यानं धुवा, पुसा, वाळवा. त्या दिवशी सव्वीस वेळा सांगून झालं होतं. सत्ताविसाव्या वेळी तोंड उघडलं नाय. गाडी चुकेल म्हणून घाई होती. आणि मनात आलं, माशाच्या पिल्लाला पोहायला काय शिकवायचं? मी शटर ओढलं.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. बुध्या आमच्या ओट्यावर येऊन सांगून गेला, साहेबांनी पाठ थोपटली म्हणून. ठकूनं मुकादमाला चक्क नाय म्हणून सांगितलं. तिसऱ्या फेरीला साहेबांची बडी मंडळी बघायला होती. बुध्याला जिताडा लागला, चांगला दांडगा. आणि रीळ जाम! ना पुढं, ना मागं. मासा पळाला, दोरा ताणला, तुटला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला झाडला. चार दिवसांत दुसरा माणूस ठेवला.

साहेबांनी टाकून दिलेलं रीळ घेऊन बुध्या माझ्याकडे आला. उघडलं तर आत पांढरं मीठ आणि लाल गंज.

"धुतलं नायस?" मी ओरडलोच त्याच्यावर.

"धुतलं तं! दर बारीला. निघायच्या आधी, तिथंच, चांगलं बुडवून."

आमच्या धरणावर सगळे तेच करतात. जाळं, ट्यूब, गळ, पाय, सगळं निघताना त्याच पाण्यात खळबळून घ्यायचं, चिखल घरी न्यायचा नाय. बुध्यानंही खाडीच्या खाऱ्या पाण्यात रीळ निगुतीनं बुडवून धुतलं होतं. जेवढी काळजी घेतली, तेवढं मीठ आत गेलं.

"अरे, नळाच्या पाण्यानं धुवायचं असतं!"

त्यानं रिळातलं मीठ बोटानं टोकरलं. "पान्यानं धुतल्यावर परत पानी धुवाया लागतं, ह्यं कोनाच्या डोक्यात येनार, दादा?"

मी त्याला म्हणालो नाय की चूक माझी आहे. म्हणायला हवं होतं. रीळ ठेवून घेतलं, नीट करतो म्हणालो. पुढच्या आठवड्यात मुकादमाचा ट्रक आला. ठकू पाटीत भांडी भरून मागं चढली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाय.

रीळ मी बेअरिंग बदलून चालू केलं आणि कपाटात ठेवलं. मेच्या अखेरीला ती दोघं परत आली तेव्हा नेऊन दिलं. बुध्या आणखी वाळला होता. पण रीळ बघून ट्यूब फुगवलीच त्यानं. एका रविवारी मी पहिल्यांदाच धरणावर जाऊन बसलो. बुध्यानं डाव्या हातानं फिरवून दोन मासे काढले. काठाला आला, ट्यूब खळबळली, पाय धुतले, आणि रीळ मात्र डोक्यावर उंच धरून बाहेर आला, पाण्याचा थेंब लागू न देता.

वर रस्त्यावरून ठकू येत होती, डोक्यावर हंडा. पाड्याला नळ नाय. गावातला नळ अर्ध्या तासाच्या वाटेवर. ती बसली, धाप टाकली, आणि हंडा कलंडून रिळावर धार धरली.

"गावच्या नळाचं हाय, दादा," ती म्हणाली. "दर बारीला आनते."

"अगो, कशाला!" मी उठलोच. "धरणाचं पाणी चालतंय की! गोडच हाय ते! हेच पाणी मुंबईच्या नळाला जातं!"

ठकूचा हंडा तसाच कलंडलेला राहिला. बुध्यानं रीळ धोतराच्या सोग्याला पुसलं, नीट, प्रत्येक फटीतून. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, रागानं नव्हे, दमल्यासारखा:

"ह्यं बी आताच सांगतोस व्हय, दादा."